उभी मोटारहोम कशी निघाली? टाळेबंदीतल्या वापरावरून केलेले परीक्षण

मोटारहोमचे परीक्षण बहुधा रस्त्यावर होते. चढणीला इंजिन दम धरते का, वळणावर कपाटातली भांडी वाजतात का, मुक्कामी पोहोचल्यावर बिछाना घालायला किती वेळ लागतो, अशा गोष्टी वाचायला मिळतात. आमच्या गाडीबाबत ते शक्यच झाले नाही. २०२०च्या फेब्रुवारीत ती ताब्यात आली. २२ मार्चच्या जनता संचारबंदीला जोडूनच गोवा बंद झाला, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि आंबोलीमार्गे कोल्हापूरला जाण्यासाठी भरलेले सामान पुन्हा घरात उतरवावे लागले. सप्टेंबर २०२० पासून राज्याच्या सीमा खुल्या झाल्या, तरी घरात सासूबाई वयस्कर आणि मधुमेही असल्यामुळे आम्ही बाहेर पडलो नाही; पुढे मे २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेने उरलासुरला उत्साहही संपवला. या गाडीने सलग दोन पावसाळे फोंडा तालुक्यातल्या बांदोडे गावी, आमच्या घरासमोर, उभ्याने काढले.

तेव्हा हे परीक्षण उभ्या गाडीचे आहे, आणि माझ्या मते रस्त्यावरच्या परीक्षणापेक्षा ते कठोर आहे. चार दिवस फिरवून, धुऊन-पुसून ठेवलेल्या गाडीत जे दोष वर्षानुवर्षे ध्यानात येत नाहीत, ते उभ्या गाडीत गोव्याच्या एका पावसाळ्यात चव्हाट्यावर येतात. आमच्या गाडीपुरता निष्कर्ष आधीच सांगते: वीजव्यवस्था उत्तम, सुतारकाम देखणे पण कोकणच्या हवेचा विचार न करता केलेले, छताचे काम वाईट, आणि विक्रीनंतरची सेवा केवळ फोनवर गोड बोलण्यापुरती.

मूळ वाहन लांब चॅसिसचे फोर्स ट्रॅव्हलर आहे. रूपांतर गोव्याबाहेरच्या एका कार्यशाळेने केले. तिचे नाव मी देत नाही, कारण हमीवरून आमचा वाद झाला आहे आणि खाली सांगितलेल्या उणिवा अनेक मालकांच्या गाड्यांत, वेगवेगळ्या कार्यशाळांच्या कामांत आढळतात. आतली रचना नेहमीचीच: मागे आडवा पलंग, त्याखाली १०० लिटरची पाण्याची टाकी, एका अंगाला ओटा, एक शेगडी आणि १२ व्होल्टचा फ्रिज, दुसऱ्या अंगाला बाक आणि टेबल, दाराजवळ कॅसेटचे, म्हणजे खालची टाकी काढून रिकामी करता येणारे, शौचालय. छतावर ३३० वॅटचे सौर पॅनल आहेत, बाकाखाली २०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आणि १००० वॅटचा इन्व्हर्टर. कागदपत्रे व्यवस्थित मिळाली, ही कार्यशाळेची जमेची बाजू म्हणायला हवी. मोटार कॅरॅव्हॅनसाठी, म्हणजे मोटारहोमसाठी, एआयएस-१२४ हे मानक आहे, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलांपासून दूर जाणारे फेरफार परस्पर करता येत नाहीत. तरीही कित्येक ठिकाणी टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये पलंग ठोकून तो मोटारहोम म्हणून विकला जातो. आम्हाला त्याचा त्रास झाला नाही.

आता छताकडे वळते, कारण खरी तक्रार तिथे आहे.

गाडीच्या फायबरच्या उंच छताला १४ इंचांची चौकोनी खिडकी कापून त्यात बाहेर हवा फेकणारा पंखा बसवला होता. अशा कापलेल्या कडेवर आधी ब्यूटिल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी), मग चौकट, मग स्क्रू आणि त्यावर पॉलियुरेथेनचा थर, हा क्रम या कामातल्या कोणालाही ठाऊक असतो. आमच्या गाडीत ब्यूटिल टेप नव्हतीच. चौकट सरळ फायबरवर ठेवून भोवती पांढऱ्या सिलिकॉनची रेघ ओढली होती. एप्रिल-मेच्या उन्हात ती रेघ आकसली आणि एका कोपऱ्यात सुटली. खालून पाहणाऱ्याला काहीच दिसत नव्हते, कारण शिरलेले पाणी पंख्याखाली ठिबकत नव्हते. ते छताच्या अस्तरामागून, विजेच्या तारांच्या नळीचा आधार घेत मागे जात होते आणि पलंगाच्या डोक्याशी असलेल्या कपाटात उतरत होते.

हे उघडकीस आले ते पुतण्यामुळे. २०२०च्या जूनमध्ये तो पुण्याहून गोव्यात आला, तेव्हा बाहेरून येणाऱ्यांसाठी १४ दिवसांच्या गृहविलगीकरणाचा पर्याय होता. घरात सासूबाई, न्हाणीघर एकच. म्हणून त्याची सोय गाडीत केली. मिरगाचा पहिला मोठा पाऊस लागला त्या रात्री त्याचा फोन आला, "काकू, पाऊस बाहेर पडतोय की आत, एवढं फक्त बघून सांगा." सकाळी यजमानांनी मास्क लावून कपाट रिकामे केले. मागची फळी फुगली होती, वरचे लॅमिनेट बुडबुडा आल्यासारखे उचलले गेले होते, आणि त्यावर नखाने दाबले की प्लायवूडचे थर एकेक करून सुटत होते. हे मरीन प्लाय आहे, असे आम्हाला सांगण्यात आले होते. मरीन प्लायवर आयएस ७१० हा शिक्का असतो. आमच्या फळीच्या कडेला तो कुठेही नव्हता. घरातल्या कपाटाला साधे प्लाय चालते, एखादे वेळी पुण्या-नाशकाकडच्या गाडीलाही चालून जाईल. जिथे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि जुलैत कपाटातल्या पुस्तकांनाही बुरशी धरते, तिथे ते चालत नाही. आपली गाडी कुठे राहणार आहे, हे कार्यशाळेने विचारायला हवे होते. त्यांनी पडद्यांचा रंग दोनदा विचारला.

दुरुस्तीसाठी फोन केला, तेव्हा पलीकडचे गृहस्थ अत्यंत सौजन्याने म्हणाले, "मॅडम, गाडी इकडे आणा, तासाभरात करून देतो." महाराष्ट्राच्या सीमेवरच्या पत्रादेवीच्या नाक्यावर तेव्हा काय परिस्थिती होती, हे त्यांना माहीत नसावे. त्या पावसाळ्यात ताडपत्रीवर भागवले. चवथीनंतर पाऊस ओसरला आणि मासेमारीच्या फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे एक कारागीर आम्हाला मिळाले. त्यांनी चौकट उचकटून काढली, कडेचे कुजके भाग घासून ग्लास मॅट आणि रेझिनचा नवा थर दिला, आणि मग टेप व पॉलियुरेथेन वापरून चौकट परत बसवली. सिलिकॉनची जुनी पट्टी हातात धरून ते म्हणाले, "बाय, हे न्हाणीघरातल्या लाद्यांना ठीक. होडीला हे लावलं तर माणूस घरी परत येणार नाही." २०२१च्या पावसाळ्यात त्या जागेतून एक थेंबही आला नाही. किनारपट्टीवर राहणाऱ्या मोटारहोम मालकांनी छताच्या कामासाठी मोटारींच्या गॅरेजाऐवजी होड्यांच्या कारागिरांकडे जावे, असे मी आग्रहाने सांगेन. त्यांना पाण्याची वाट कळते.

गळती थांबली तरी दमटपणाचा प्रश्न उरतोच. गादीखाली फळी सलग आहे, तिला पट्ट्या किंवा भोके नाहीत. त्यामुळे ऑगस्टमध्ये गादीच्या खालच्या अंगाला काळे ठिपके दिसू लागले. यजमानांनी फळीला भोके पाडली, त्याचा चांगला उपयोग झाला. ओलावा शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या थैल्या आमच्याकडे जुलैत बघता बघता पाण्याने भरत, आणि विजेवर चालणारे यंत्र गाडीच्या बॅटरीला परवडत नाही. कपाटांची दारे सताड उघडी ठेवणे आणि वारा आरपार वाहू देणे, याला पर्याय नाही. इथे पंख्याची आणखी एक उणीव समोर येते: त्यावर पावसाळी टोपी नाही. पाऊस आला की झाकण बंद करावे लागते, आणि झाकण बंद झाले की पंखा निरुपयोगी ठरतो. गोव्यात चार महिने पंखा बंद ठेवायचा, तर तो बसवला कशासाठी?

गाडी कुठे उभी करावी, हेही टाळेबंदीत नव्याने कळले. घरापुढे सावली होती ती माडांची. एरवी पाडेली वेळेवर येऊन नारळ आणि सुक्या झावळ्या उतरवतो, म्हणून माडाखालच्या जागेचे कोणाला काही वाटत नाही. टाळेबंदीत त्याचे येणे थांबले, आणि वरचे सगळे आपापल्या मर्जीने खाली येऊ लागले. सौर पॅनलच्या काचेवर चाळीस फुटांवरून सुका नारळ पडला तर काय होईल, याचा विचार करून गाडी मागच्या मांगराच्या बाजूला हलवली आणि वर दोन्ही अंगांनी मोकळी अशी पत्र्याची शेड घातली. शेडखाली सूर्यप्रकाश मिळत नाही हे खरे. म्हणून एक पॅनल उतरवून शेडवर ठेवावे लागले. छताला कायमचे चिकटवलेले पॅनल घेऊ नयेत, स्क्रूच्या पट्टीवरचे घ्यावेत, ही शिफारस त्यातूनच येते. आमचे सुदैवाने पट्टीवरचे होते.

वीजव्यवस्थेबद्दल मात्र कार्यशाळेचे मनापासून कौतुक करते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी महाग पडते, आणि घरच्या इन्व्हर्टरसारखी ट्यूब्युलर, म्हणजे शिसे-आम्लाची, बॅटरी घेण्याचा सल्ला आम्हाला अनेकांनी दिला होता. उभ्या गाडीत या दोहोंतला फरक डोळ्यांनी दिसतो. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये आणि रिकामी ठेवूही नये, नाहीतर तिच्या पट्ट्यांवर सल्फेट बसते. लिथियमच्या या प्रकारात बहुतेक सगळी साठवण वापरता येते आणि अर्धी भरलेली ठेवली तरी तिचे काही बिघडत नाही. आमच्या बॅटरीत सुमारे अडीच युनिट वीज मावते. वर्षभर ती कधी भरलेली, कधी अर्धी अशी राहिली आणि तिच्या क्षमतेत जाणवण्यासारखी घट झाली नाही. उलट इंजिनची नेहमीची बॅटरी पहिल्या टाळेबंदीतच मेली. जीपीएस ट्रॅकर, म्युझिक सिस्टिम आणि अलार्म यांना गाडी बंद असतानाही थोडी थोडी वीज लागते, आणि छतावरचे पॅनल केवळ बाकाखालची लिथियम बॅटरी भरत होते, इंजिनची नव्हे. दोहोंना जोडणारा छोटा चार्जर किंवा निदान बॅटरी तोडणारा खटका दिला असता, तर हे टळले असते. तो खटका पुढे आम्ही कुर्टीच्या एका इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेतला. अगदी किरकोळ काम आहे. पुष्कळ मालक या काळात रोज दहा मिनिटे इंजिन चालू ठेवून बंद करत होते. त्याने बॅटरी भरत नाही, आणि सायलेन्सरमध्ये साचलेले पाणी तापून बाहेर जाण्याआधीच इंजिन थंड होते. निर्बंध शिथिल झाल्यावर आम्ही गाडी चांगली लांबवर नेऊन परत आणत असू; महिन्यातून एकदा असे चालवलेले इंजिन रोजच्या दहा मिनिटांपेक्षा चांगले राहते.

या वीजव्यवस्थेची खरी कसोटी तौक्ते चक्रीवादळाच्या वेळी लागली. १६ मे २०२१, रविवार. राज्यात ९ मेपासून संचारबंदी होती, घरोघरी आजारी माणसे होती, आणि त्यात वादळाने झाडे आणि विजेचे खांब पाडले. आमच्या भागातली वीज गेली, ती लवकर येण्याची चिन्हे नव्हती. सासूबाईंचे इन्शुलिन घरच्या फ्रिजमध्ये होते. न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. ते गाडीच्या फ्रिजमध्ये हलवले. कॉम्प्रेसरचा हा लहान फ्रिज दिवसाला साधारण अर्धा युनिट घेतो. त्याखेरीज कमी वीज खाणारे दोन बीएलडीसी पंखे, राउटर, फोन आणि रात्री दोन दिवे एवढा भार इन्व्हर्टरवर टाकला. आभाळ भरलेले असल्यामुळे पॅनलकडून येणारी वीज अगदीच तुटपुंजी होती, तरी दुसऱ्या रात्रीपर्यंत बॅटरीने साथ दिली. त्यानंतर ऊन पडले आणि काटकसरीने पुढचे निभावले. शेजारच्या घरातले तिघे तापाने आडवे होते, त्यांचे फोन आणि वाफेचे यंत्रही आमच्याच बाकावर येऊन जात होते. अशा वेळी गाडीच्या इन्व्हर्टरची पिन घरातल्या भिंतीच्या सॉकेटमध्ये घालून सगळे घर चालवण्याचा मोह होतो. तो घातक आहे: तीच वीज मीटरमधून उलटी बाहेरच्या तारांत जाऊ शकते, आणि खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवावर बेतू शकते. गाडीतून एक्स्टेन्शन बोर्ड ओढून त्यावर एकेक उपकरण लावणे, एवढेच करावे.

विलगीकरणाची खोली म्हणून गाडी कशी आहे, या प्रश्नाचे उत्तर ऋतूवर अवलंबून आहे. अमेरिकेत मार्च २०२० मध्ये 'आरव्हीज फॉर एमडीज' या नावाने मालकांनी आपल्या बंद पडून राहिलेल्या गाड्या डॉक्टर-परिचारिकांना राहायला दिल्या, म्हणजे त्यांना कामावरून थेट घरच्यांत जावे लागू नये. ब्रिटनमध्येही असे प्रयत्न झाले. आपल्याकडे गाड्याच मोजक्या, त्यामुळे असे काही घडणे अवघडच होते. परंतु एका घरापुरता हा उपयोग खरोखर मोलाचा आहे. पुतण्या दारात ठेवलेले ताट उचलून नेई, आपली भांडी आपल्या ओट्यावर घाशी आणि दिवसभर टेबलावर लॅपटॉप ठेवून पुण्याचे ऑफिस सांभाळी. पाऊस लागण्यापूर्वीच्या दुपारी मात्र आत बसवत नसे. भिंतींत नायट्राइल फोम भरला आहे, पण खिडक्यांच्या काचा एकेरी आहेत, आणि छतावरचा एसी बॅटरीवर चालत नाही, त्याला घरची १५ अँपिअरची लाइन द्यावी लागते. टेबलाला मध्ये एकच पाय असल्यामुळे टंकलेखन करताना ते डुलते. जेवणासाठी बनवलेले टेबल आठ तासांच्या कामाला पुरत नाही, हे घरून काम करणाऱ्या प्रत्येकाला लागू आहे. पलंगाची लांबी पावणेसहा फूट आहे आणि पुतण्या सहा फुटांचा. त्याविषयी त्याने जे सांगितले, ते इथे लिहिण्यासारखे नाही.

शौचालयाची कॅसेट सुमारे वीस लिटरची आहे. एका माणसाला ती दोन-तीन दिवस पुरते, पण टाळेबंदीत त्यासाठीचे रसायन मिळेना, म्हणून ती रोजच्या रोज घरच्या संडासात रिकामी करावी लागली. रसायन वापरायचेच, तर फॉर्माल्डिहाइड नसलेले घ्यावे; गोव्यात गावोगाव शोषखड्डे आणि सेप्टिक टाक्या आहेत, आणि निळे जहाल रसायन त्यातले जंतू मारून टाकते, मग टाकी तुंबते. पाण्याच्या टाकीचे झाकण इतके अरुंद आहे की कोपरापर्यंत हात आत जात नाही. उभ्या गाडीतल्या पाण्याला वास येतो, टाकी आतून बुळबुळीत होते, आणि हात पोहोचत नसेल तर ती घासणार कशी? शेवटी टाकी कोरडी ठेवली आणि विहिरीचे पाणी वीस लिटरच्या कॅनमधून वापरले.

टायर, उंदीर, डिझेल यांविषयी थोडक्यात. हवा कंपनीने सांगितलेल्या कमाल मर्यादेपर्यंत भरून गाडी अधूनमधून हातभर पुढे-मागे केली, की टायर एकाच जागी दबून सपाट होत नाहीत. टायरवरचा भार कमी करण्यासाठी गाडी जॅकवर घेताना आपल्याकडे सहज मिळणारे जांभ्याचे चिरे खाली लावण्याचा मोह टाळावा. जांभा दगड जॅकच्या टोकाखाली पिचतो. फणसाच्या लाकडाचे ठोकळे बरे. डिझेलची टाकी भरलेली ठेवावी म्हणजे आत दव साचत नाही. उंदरांसाठी फरशीतून जाणाऱ्या प्रत्येक नळीभोवती लोखंडी जाळी हवी. कार्यशाळेने तिथे फोम भरला होता, आणि उंदरांनी तो एका रात्रीत साफ केला.

कागदपत्रांच्या बाबतीत सरकारने मालकांना बराच दिलासा दिला. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने १ फेब्रुवारी २०२० नंतर मुदत संपणारी वाहनविषयक कागदपत्रे आधी ३० जून २०२० पर्यंत आणि पुढे टप्प्याटप्प्याने ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत वैध मानली. विम्याला इतकी सवलत नव्हती. टाळेबंदीत संपणाऱ्या पॉलिसींच्या नूतनीकरणासाठी आधी २१ एप्रिल आणि मग १५ मेपर्यंतची मुदत दिली गेली, तेवढीच. गाडी हलत नाही म्हणून विमा थांबवावा, असे डिचोलीच्या एका परिचित मालकांनी ठरवले. नव्वद दिवसांत नूतनीकरण न केल्यामुळे त्यांचा नो क्लेम बोनस गेला, आणि तौक्तेच्या वाऱ्यात शेडचा पत्रा गाडीवर आला तेव्हा भरपाईही मिळाली नाही. उभ्या गाडीवरही झाड पडते, पाणी चढते. सर्वंकष पॉलिसीत वादळ आणि पूर येतात.

यापेक्षा बिकट स्थिती उत्तर गोव्याच्या किनाऱ्यावर अडकलेल्या परदेशी मालकांची होती. युरोपातून इराण-पाकिस्तानमार्गे आपले ट्रक आणि व्हॅन चालवत आलेली ही मंडळी दर हिवाळ्यात हरमल-मांद्र्याकडे दिसत. सीमा बंद झाल्यावर दाबोळीहून सुटणाऱ्या विशेष विमानांनी माणूस परत जाऊ शकत होता, गाडी नव्हे. आणि कार्ने द पासाज या सीमाशुल्काच्या कागदावर आणलेले वाहन मुदतीत देशाबाहेर न्यावेच लागते. घरासमोर उभी असलेली आमची गाडी गळत होती, पण निदान ती घरासमोर होती.

राहता राहिली हमी. ती ताबा घेतल्यापासून एक वर्षाची होती आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये संपली. या वर्षातला बहुतेक काळ गाडी कायद्यानेच बाहेर काढता येत नव्हती किंवा काढणे शहाणपणाचे नव्हते, म्हणून तेवढी मुदत वाढवून द्यावी, अशी लेखी विनंती आम्ही केली. अनेक वाहन-कंपन्यांनी २०२० मध्ये स्वतःहून अशी वाढ दिली होती. कार्यशाळेने नकार दिला. कारण असे की, हमी "वापरातून" उद्भवणाऱ्या दोषांना आहे आणि आम्ही गाडी वापरलेलीच नाही. एकाच पत्रात पुढे असेही लिहिले होते की, गाडी दीर्घकाळ उभी ठेवल्याने झालेल्या नुकसानीस ते जबाबदार नाहीत. म्हणजे चालवली तरच हमी, आणि उभी ठेवली तर दोष आमचा. मोटारहोम मागवणाऱ्यांनी करारात उभ्या अवस्थेतल्या गळतीचा उल्लेख स्पष्ट शब्दांत करून घ्यावा, आणि ताबा घेण्यापूर्वी छतावर अर्धा तास होजपाइपने पाणी सोडून मागच्या कपाटांत हात घालून पाहावा.

महामारीनंतर अशा पुष्कळ गाड्या विकायला निघाल्या आहेत, आणि "फक्त इतकेच किलोमीटर चालली" ही जाहिरातीतली पहिली ओळ असते. खरेदीदाराने ती सावधपणे वाचावी, कारण कमी चाललेली गाडी बहुधा जास्त उभी राहिलेली असते. किलोमीटरच्या आकड्यापेक्षा गादी उलटून फळी पाहावी, कपाटांच्या मागच्या कोपऱ्यांत टॉर्च मारावा, प्लायच्या कडेवर शिक्का शोधावा, छताच्या खिडकीभोवती कोणता मसाला आहे हे शिडी लावून वर चढून बघावे. गोव्यात किंवा कोकणात राहिलेली गाडी असेल, तर व्यवहाराला जुलै महिना उत्तम. आणि विक्रेता "आता नको, दिवाळीनंतर या" म्हणाला, तर ती गाडी सोडून द्यावी.